त्याच वर्षाचं, त्याच वजनाचं

नाण्यांच्या छंदाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. सोन्याचं नाणं शेवटी सोन्याच्याच भावानं जायचं ना? मग अमेरिकेची शंभर वर्षांपूर्वीची दोन नाणी घ्या. वर्ष तेच, वजन तेच, कसही तोच. त्यातलं एक सोन्याच्या भावावर थोडे पैसे टाकले की मिळतं आणि दुसऱ्यासाठी लिलावात लोक चढाओढीनं त्याच्या कित्येक पट मोजतात. हे कसं काय?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे सोन्याची पारख वजन आणि कस या दोनच गोष्टींवर होते. सराफ वस्तू काट्यावर ठेवतो, कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढतो आणि भाव सांगतो. संग्राहकाच्या नाण्यावर मात्र ती रेघच मोठं नुकसान करून जाते. सोनं तिथे फक्त पायाला असतं. वरची किंमत ठरते ती त्या नाण्यावर शंभर वर्षांत काय काय गुजरलं आणि काय गुजरायचं राहून गेलं, यावर. १९०७ ते १९३३ या काळातली अमेरिकी सोन्याची नाणी हे जितकं स्पष्ट दाखवतात, तितकं दुसरी कुठलीही नाणी दाखवत नाहीत, असं माझं मत आहे. म्हणून हे प्रकरण त्यांच्यावर.

१. आधी वजनाचा हिशेब

अमेरिकी सोन्याच्या नाण्यांचं मूळ माप म्हणजे ‘ईगल’, दहा डॉलरचं नाणं. त्याच्या निम्मं पाच डॉलरचं हाफ ईगल, पाव म्हणजे अडीच डॉलरचं क्वार्टर ईगल आणि दुप्पट म्हणजे वीस डॉलरचं डबल ईगल. विसाव्या शतकात रोजच्या चलनासाठी पाडली गेलेली सोन्याची नाणी ही एवढीच चार. चारही नाण्यांचा कस एक: दहा भागांत नऊ भाग सोनं, उरलेला भाग तांब्याचा. निव्वळ सोनं हाताळणीत लवकर झिजतं, म्हणून तांबं घालायचं. त्यानं रंगाला किंचित लाली येते.

डबल ईगलचं वजन ३३.४३६ ग्रॅम आणि व्यास ३४ मिलिमीटर. वजनातून दहा टक्के तांबं वजा केलं की शुद्ध सोनं उरतं ३०.०९ ग्रॅम. आजच्या बाजाराच्या बोलीत तीन तोळे. ट्रॉय औंसात हाच आकडा ०.९६७५ होतो. त्या काळी अमेरिकेत सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलर होता. गुणाकार केला की २० येतात. म्हणजे नाण्यावर छापलेली किंमत आणि त्यातल्या सोन्याची किंमत एकच होती.

आता आजचा हिशेब. समजा, शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. मग डबल ईगलमधल्या सोन्याची किंमत झाली ३,००,९०० रुपये. हा त्याचा तळ. झिजलेलं, ओरखडलेलं, कडी लावून गळ्यात घातलेलं डबल ईगलही साधारण याच भावात जातं. त्या तळाच्या वर जे मिळतं ते कशाचं, हे आपल्याला शोधायचं आहे.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वीस डॉलर ही तेव्हा मोठी रक्कम होती. १९१४ मध्ये हेन्री फोर्डनं कामगारांना दिवसाला पाच डॉलर देऊ केले, तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. त्या गाजलेल्या मजुरीतसुद्धा एक डबल ईगल म्हणजे चार दिवसांची कमाई. साहजिकच बहुतेक संग्राहक तांब्याचे सेंट आणि चांदीची नाणी जमवत. सोन्याची नाणी दरवर्षी, प्रत्येक टांकसाळीची, कोरी अशी बाजूला काढून ठेवणं मोजक्याच लोकांना परवडायचं.

आणि टांकसाळी एकाहून जास्त होत्या. फिलाडेल्फियाच्या सोन्याच्या नाण्यांवर कुठलंच अक्षर नसे. डेन्व्हरच्या नाण्यांवर बारीक ‘डी’, सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यांवर ‘एस’ आणि १९०९ मध्ये नाणी पाडणं थांबवलेल्या न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांवर ‘ओ’. संग्राहक ‘१९२७ डी’ म्हणतो, तेव्हा त्याला १९२७ साली डेन्व्हरला पाडलेलं नाणं अभिप्रेत असतं. हे एक अक्षर पुढे फार मोठा फरक करणार आहे.

२. राष्ट्राध्यक्षांना नाणी आवडेनात

१९०४ च्या डिसेंबरात थिओडोर रूझवेल्ट यांनी आपले अर्थमंत्री लेस्ली शॉ यांना पत्र लिहिलं. आपल्या देशाची नाणी कलेच्या दृष्टीनं भयंकर कुरूप आहेत, अशी त्यात तक्रार होती. ऑगस्टस सेंट-गॉडन्ससारख्या शिल्पकाराकडून ती नव्यानं करून घेता येतील का, असंही त्यांनी विचारलं. रूझवेल्टना प्राचीन ग्रीक नाण्यांचं वेड होतं. त्या नाण्यांवरचे चेहरे धातूतून वर आल्यासारखे दिसतात. तसं आपल्या नाण्यांवर का नसावं, हा त्यांचा सवाल.

इथे ‘उठाव’ समजून घ्यायला हवा. नाणं पाडताना धातूची गुळगुळीत चकती दोन ठशांच्या मध्ये धरून दाबतात. ठशात चित्र आत कोरलेलं असतं. दाबाखाली धातू त्या खोलीत शिरतो आणि नाण्यावर चित्र वर येतं. खोली जेवढी जास्त, तेवढा धातू आत शिरायला वेळ आणि जोर जास्त. चलनी नाणं एका दाबात पडलं पाहिजे, नाहीतर लाखांनी नाणी पाडायची कशी? म्हणून चलनी नाण्यांचा उठाव मुद्दाम कमी ठेवतात. ग्रीकांना ही घाई नव्हती.

सेंट-गॉडन्स न्यू हॅम्पशरमधल्या कॉर्निश गावी राहत होते आणि कर्करोगानं खंगले होते. सहायक हेन्री हेरिंग यांना हाताशी घेऊन त्यांनी काम केलं. डबल ईगलवर त्यांनी स्वातंत्र्यदेवता चालत येताना दाखवली. उजव्या हातात मशाल, डाव्या हातात ऑलिव्हची डहाळी, पायाशी कॅपिटॉलची छोटीशी इमारत आणि मागे सूर्याचे किरण. मागच्या बाजूला उगवत्या सूर्यावरून उडणारा गरुड. टांकसाळीचे मुख्य नक्षीकार चार्ल्स बार्बर यांचं म्हणणं सरळ होतं, की असं नाणं एका दाबात पडणार नाही. ते बरोबर होते. १९०७ च्या सुरुवातीला चाचणी म्हणून सर्वांत जास्त उठावाची जी नाणी पाडली, त्यांच्यावर पुन्हापुन्हा दाब द्यावा लागला आणि दर दोन दाबांमध्ये चकती तापवून मऊ करावी लागली. अशी नाणी वीसच्या आसपासच आहेत.

मग उठाव थोडा कमी केला. त्यातून निघाली ती संग्राहकांची लाडकी ‘हाय रिलीफ’ नाणी. वर्ष रोमन अंकांत, संख्या १२,३६७. त्यांनाही एकाहून जास्त दाब लागतच होते. शेवटी बार्बर यांनी उठाव एका दाबात पडेल इतका खाली आणला, वर्ष साध्या अंकांत लिहिलं आणि त्याच १९०७ मध्ये साडेतीन लाखांवर नाणी पाडली. सेंट-गॉडन्स ३ ऑगस्ट १९०७ रोजी गेले. आपलं डबल ईगल लोकांच्या हातात फिरताना त्यांना पाहायला मिळालं नाही.

बार्बर यांना कलाद्रोही ठरवण्याची रीत आहे, मला ती पटत नाही. सपाट केलेल्या नाण्यातही देवतेची चाल आणि वस्त्राचा फलकारा टिकून आहे. अमेरिकेनं १९८६ पासून सोन्याचं जे नवं नाणं काढलं, त्याच्या दर्शनी बाजूला अजून हीच देवता आहे.

आणखी एक वाद झाला. नाण्यांवर देवाचं नाव असावं हे रूझवेल्टना अनादराचं वाटे. म्हणून ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे वचन नव्या नाण्यांवर घातलं नव्हतं. लोक चिडले, काँग्रेसनं मे १९०८ मध्ये कायदा करून ते परत आणलं. त्यामुळे १९०८ च्या डबल ईगलचे दोन प्रकार झाले, बिनवचनाचा आणि वचनाचा.

दहा डॉलरच्या नाण्यावर सेंट-गॉडन्स यांनीच पिसांचा मुकुट घातलेली देवता दिली. पाच आणि अडीच डॉलरची नाणी मात्र बोस्टनचे शिल्पकार बेला लायन प्रॅट यांनी केली आणि ती सगळ्यांहून निराळी आहेत. रूझवेल्टचे मित्र विल्यम स्टर्जिस बिगलो यांनी प्राचीन इजिप्तच्या भिंतीवरची शिल्पं पाहून सुचवलं होतं, की चित्र वर काढण्याऐवजी आत रुतवावं. प्रॅट यांनी १९०८ मध्ये तसं केलं. मूळ अमेरिकी योद्ध्याचं मस्तक आणि मागचा गरुड पृष्ठभागाच्या आत बसले आहेत. फिलाडेल्फियाचे नाणेव्यापारी सॅम्युअल चॅपमन यांनी लगेच तक्रार केली, की त्या खोबणींत मळ साचेल, रोग पसरतील, नाण्यांची चळत नीट रचता येणार नाही. बिगलो यांचं उत्तर होतं, की मळक्या खिशांत फिरतात ती चांदीची नाणी, सोन्याची फारशी नाहीत. नाणी १९२९ पर्यंत तशीच पाडली गेली.

३. पाडली किती, उरली किती

नवखा संग्राहक पुस्तकात पहिला आकडा बघतो तो पाडलेल्या नाण्यांचा. कमी पाडली म्हणजे दुर्मीळ, असं त्याचं गणित असतं. ते गणित इथे सपशेल चुकतं.

दोन आकडे शेजारी ठेवा. १९०७ ची हाय रिलीफ डबल ईगल पाडली १२,३६७. १९२७ डी डबल ईगल पाडली १,८०,०००. पहिलीपेक्षा दुसरी जवळजवळ पंधरा पट. आज हाय रिलीफ हजारोंनी अस्तित्वात आहेत, पैसे असतील तर कुठल्याही मोठ्या लिलावात एखादी सापडतेच. १९२७ डी डझनभराच्या आसपास उरली आहेत, त्यातली काही संग्रहालयांत आहेत, म्हणजे विकत मिळायची सोय नाही.

असं का व्हावं? हाय रिलीफ बाहेर आली त्या दिवसापासून लोकांना कळत होतं की हे काही वेगळं आहे. घेतली आणि जपून ठेवली. डेन्व्हरची १९२७ ची नाणी कुणी मागितलीच नाहीत. व्यवहारात तोवर कागदी नोटा रुळल्या होत्या. नाणी पिशव्यांत भरून तिजोरीत पडून राहिली आणि तिथेच त्यांना १९३३ नं गाठलं.

५ एप्रिल १९३३. मंदीनं बँका बुडत होत्या, लोक सोनं काढून घरी दडवत होते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हुकूम काढला, की नागरिकांनी आपल्याजवळची सोन्याची नाणी, लगडी आणि सुवर्ण प्रमाणपत्रं १ मेपर्यंत बँकांत जमा करावीत. माणशी शंभर डॉलरपर्यंतच्या सोन्याला आणि संग्राहकांच्या दुर्मीळ नाण्यांना त्यातून सूट होती. तेव्हाचे अर्थमंत्री विल्यम वुडिन स्वतः नाण्यांचे जाणते संग्राहक होते, हे इथे सांगायला हवं. पण सूट मिळाली ती ज्यांच्या हातात नाणी होती त्यांना. तिजोरीतल्या पिशव्यांना कसली सूट? सरकारकडे जमा झालेली आणि कधी बाहेरच न पडलेली नाणी पुढच्या काही वर्षांत वितळवली गेली. फोर्ट नॉक्समधल्या बऱ्याच विटांचा कस नव्वद टक्के आहे, तो यामुळे. त्या विटा म्हणजे एकेकाळची ही नाणी.

काही वर्षांच्या नाण्यांचा तर जवळजवळ निर्वंश झाला. १९२९ ची हाफ ईगल ६,६२,००० पाडली होती, त्यातली फार थोडी वाचली. १९२१ ची डबल ईगल ५,२८,५०० पाडली होती, तिचीही तीच गत.

जी वाचली, त्यांतली पुष्कळशी अमेरिकेबाहेर होती म्हणून वाचली. देशादेशांतली देणी तेव्हा सोन्यात चुकवत. डबल ईगलच्या पिशव्या जहाजानं युरोपात जात आणि तिथल्या बँकांच्या तळघरांत रचल्या जात. अमेरिकेनं सोनं मागे बोलावलं तेव्हा परक्या बँकांवर तो हुकूम चालत नव्हता. शिवाय जानेवारी १९३४ मध्ये सोन्याचा सरकारी भाव २०.६७ वरून ३५ डॉलरवर गेला. आपला जुना गुणाकार पुन्हा करा: ०.९६७५ गुणिले ३५ म्हणजे ३३.८६. ज्या नाण्यावर वीस डॉलर लिहिलंय, त्यात जवळपास चौतीस डॉलरचं सोनं. ते नाणं वीस डॉलरचं म्हणून परत पाठवणारा बँकवाला शोधून सापडला नसता.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापाऱ्यांनी या तळघरांतून नाणी परत अमेरिकेत आणायला सुरुवात केली आणि दुर्मिळतेच्या याद्या उलट्यापालट्या झाल्या. १९४० च्या दशकात १९२४ एस आणि १९२६ एस या डबल ईगल अतिदुर्मीळ समजल्या जात. युरोपातून त्यांची भर पडली आणि त्यांचं ते स्थान गेलं. १९२७ डी मात्र कुठल्याच तळघरात निघाली नाही. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, की खरी दुर्मीळ हीच. संग्राहकानं घ्यायचा धडा असा, की दुर्मिळता आज माहीत असलेल्या नाण्यांची असते आणि उद्या एखादी पेटी उघडू शकते. १९९० च्या दशकात १९०८ च्या बिनवचनाच्या डबल ईगलचा १९,९०० नाण्यांचा एक साठा पुढे आला. वेल्स फार्गो बँकेच्या तिजोरीत ठेवला होता म्हणून तो ‘वेल्स फार्गो साठा’ म्हणून ओळखला जातो. नाणी वर्षानुवर्षं हललीच नव्हती, त्यामुळे त्यातली कितीतरी अशा अवस्थेत होती, की त्या वर्षाच्या उत्तम नाण्याबद्दलची कल्पनाच बदलली.

४. एक ते सत्तर

आता अवस्थेकडे येऊ. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटवर एक पुस्तक लिहिलं. त्यात नाण्याच्या अवस्थेला १ ते ७० असे गुण देण्याची पद्धत मांडली. १ म्हणजे ओळखू येण्यापुरतंच उरलेलं नाणं, ७० म्हणजे निर्दोष. मुळात ही किंमत काढायची युक्ती होती: एक गुणाच्या नाण्याचा भाव माहीत असला की सत्तर गुणाच्या नाण्याचा भाव त्याच्या सत्तर पट. किमतीचं ते सूत्र लवकरच मोडलं, गुण मात्र राहिले. १९७० च्या दशकात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशननं ते सगळ्या नाण्यांसाठी स्वीकारले.

६० पासून पुढचे गुण ‘मिंट स्टेट’, म्हणजे व्यवहारात न वापरलेलं नाणं. ५८ म्हणजे अगदी पुसटशी झीज. ६० ते ६२ ला झीज नसते, पण नाणं खरचटलेलं असतं. ६३-६४ बरं दिसणारं. ६५ पासून ‘जेम’. ६६-६७ ला संग्राहक थबकतात.

न वापरलेलं नाणं खरचटतं कसं? टांकसाळीतच. ठशातून सुटलेलं नाणं खालच्या ढिगावर पडतं. मग तोलणं, मोजणं, पिशवीत भरणं. डबल ईगलच्या पाच हजार डॉलरच्या पिशवीत २५० नाणी असत, म्हणजे आठ किलोंहून जास्त वजन. ती पिशवी गाडीत टाकली, जहाजात चढवली, बोटीतून उतरवली, की प्रत्येक धक्क्याला एका नाण्याची कड दुसऱ्याच्या तोंडावर आपटणार. या खुणांना ‘बॅग मार्क’ म्हणतात. नाणं जितकं जड, तितका घाव खोल. म्हणून ६७ गुणांचं डबल ईगल मिळणं एवढं अवघड. कुणी टांकसाळीतून थेट मागवून, एकेक वेगळं ठेवलं असेल तरच ते मिळायचं. क्लॅप पिता-पुत्र हे करत. त्यांचा संग्रह १९४२ मध्ये बाल्टिमोरच्या लुईस इलायसबर्ग यांनी एक लाख डॉलरना घेतला. न्यू ऑर्लिन्स आणि सॅन फ्रान्सिस्कोची काही अप्रतिम नाणी आज दिसतात, ती अशा लोकांमुळे.

१९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या. त्यांचे तज्ज्ञ नाणं तपासतात, गुण ठरवतात आणि प्लॅस्टिकच्या बंद डबीत, चिठ्ठीसकट, सील करतात. या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. कुठल्या वर्षाची, कुठल्या गुणांची किती नाणी तपासली, याचे तक्तेही त्या प्रसिद्ध करतात. हे तक्ते वाचताना एक सावधगिरी हवी. ६४ गुण मिळालेलं नाणं ६५ च्या आशेनं डबी फोडून पुन्हा पाठवलं जातं, कधी तीनचार वेळा. प्रत्येक वेळी तक्त्यात एक आकडा वाढतो. नाणं एकच असतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाला भिडू. १९२४ ची फिलाडेल्फियाची डबल ईगल ४३,२३,५०० पाडली होती आणि युरोपातून पिशव्यांनी परत आली. तिची ६५ गुणांची नाणी भरपूर मिळतात, म्हणून भाव सोन्याच्या फार वर जात नाही. तिचंच ६७ वर गेलेलं नाणं मात्र क्वचित. तिथे भाव एकदम उडी घेतो. उलट १९२१ चं ६५ गुणांचं नाणं जवळजवळ मिळतच नाही, तिथे ६३ लाही मोठी रक्कम पडते. आकडा एकटा काही सांगत नाही. ‘या वर्षाची, या टांकसाळीची, या अवस्थेत किती उरली’ हे तिन्ही एकत्र धरले की किंमत समजते.

५. दिव्याखाली

१९२४ चं एक डबल ईगल घ्या. कडेला दोन बोटांत धरा, तोंडाला बोट लावू नका. खोलीतले बाकीचे दिवे मालवून एकच टेबललॅम्प ठेवा आणि नाणं हलकेच कलतं करत फिरवा. धूपछाव पैठणीचा पदर हलवला की रंग जसा कापडावरून सरकत जातो, तसा प्रकाशाचा एक पट्टा नाण्यावरून गोल फिरतो. दाबाखाली धातू मध्यातून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेघा उमटतात. हा पट्टा त्या रेघांचा. जिथे हात किंवा दुसरं नाणं घासलं तिथे रेघा मोडतात आणि पट्टा तुटतो. नाणं पॉलिश केलं असेल तर लखलखाट दिसतो, पण पट्टा फिरत नाही. धुतलेलं नाणं ओळखायची ही पहिली खूण.

मग उंच जागा पाहायच्या. देवतेची छाती, पुढे आलेला गुडघा, मागच्या बाजूला गरुडाच्या पंखाची पुढची कड. तिथला रंग भोवतालच्या रंगाहून मंद, किंचित तपकिरी वाटला तर झीज आहे. रंग तोच पण चित्र अस्पष्ट असेल तर दाब कमी पडला असावा. तो दोष वापराचा नसतो. त्यानंतर खुणा. चेहऱ्यावरची एक खूण किरणांतल्या पाच खुणांहून जास्त खुपते, आणि तपासणारेही तसंच मोजतात. काही नाण्यांवर लालसर ठिपके असतात. मिश्रणात तांबं नीट एकजीव झालं नाही, तर ते तसे उमटतात. काहींना ते आवडत नाहीत. मला ते नाण्याच्या खरेपणाची साक्ष वाटतात.

प्रॅट यांच्या नाण्यांना ही पद्धत उलटी लावावी लागते. चित्र आत असल्यामुळे सगळ्यांत उंच जागा म्हणजे मोकळा सपाट भाग आणि पहिला ओरखडा त्यावरच. ही नाणी तपासायला फार कठीण. अनुभवी माणसांचेही गुण इथे एकमेकांशी जुळत नाहीत. याच मालिकेतली १९११ डी क्वार्टर ईगल (५५,६८०) आणि १९०९ ओ हाफ ईगल (३४,२००) ही मानाची नाणी. १९११ डी वरचं ‘डी’ कधीकधी इतकं पुसट असतं, की भिंगाखालीही शोधावं लागतं. फिलाडेल्फियाच्या साध्या १९११ वर खोटं ‘डी’ चिकटवण्याचे प्रकारही म्हणून होतात.

एक मत नोंदवून ठेवतो. ५८ गुणांचं, पुसटशी झीज असलेलं पण झळाळी शाबूत असलेलं नाणं मला ६१ च्या खरचटलेल्या नाण्याहून केव्हाही जास्त प्रिय. चिठ्ठीवरचा आकडा मोठा, म्हणून नाणं चांगलं असं होत नाही.

६. एक नाणं जे कुणाचंच नसायला हवं होतं

१९३३ मध्ये फिलाडेल्फियात ४,४५,५०० डबल ईगल पाडल्या, पण एकही चलनात गेली नाही. दोन स्मिथसोनियन संस्थेला दिल्या, बाकीच्या वितळवायच्या होत्या. काही बाहेर पडल्या. त्यातली एक इजिप्तचे राजे फारुख यांच्याकडे १९४४ मध्ये पोचली, तीही अमेरिकी सरकारनं चुकून दिलेल्या निर्यात परवान्यावर. १९९६ मध्ये एक ब्रिटिश व्यापारी ती न्यूयॉर्कमध्ये विकायला आला आणि पकडला गेला. तडजोडीनंतर नाणं २००२ मध्ये लिलावात ७५.९ लाख डॉलरना गेलं. वर वीस डॉलर वेगळे भरावे लागले, कारण सरकारच्या लेखी तोवर ते चलनात आलेलंच नव्हतं. २०२१ मध्ये तेच नाणं १.८९ कोटी डॉलरना विकलं गेलं. फिलाडेल्फियाच्या एका जवाहिऱ्याच्या कुटुंबाकडे आणखी दहा निघाली, ती कोर्टानं सरकारची ठरवली. अवस्थेच्या दृष्टीनं पाहिलं तर हे नाणं १९२४ च्या चांगल्या नाण्याहून फार वेगळं नाही.

७. घेणाऱ्यासाठी

खोट्या नाण्यांची भीती खरी आहे. इतर धातूंच्या नकला वजनात पकडता येतात. नव्वद टक्के सोन्याची घनता १७.२ च्या आसपास असते, तिच्याशी दुसरा स्वस्त धातू जुळवणं सोपं नाही. खरी डोकेदुखी वेगळी आहे. पुष्कळ बनावट नाणी पुरेपूर सोन्याचीच केलेली आहेत, कारण फायदा सोन्यात नसून संग्राहकाच्या किमतीत आहे. १९०७ च्या हाय रिलीफची एक नक्कल इतकी हुबेहूब होती, की तज्ज्ञही फसले. ती करणाऱ्यानं गरुडाच्या पंजात ग्रीक ‘ओमेगा’ हे अक्षर बारीक कोरून ठेवलं होतं, त्यावरून ती आज ओळखली जाते. वजन आणि कस बरोबर आहेत, एवढ्यावर खात्री धरू नका. नामांकित कंपनीच्या डबीतलंच नाणं घ्या आणि डबीवरचा क्रमांक त्या कंपनीकडे ताडून पाहा, कारण डब्याही खोट्या निघतात.

नाणं कधीही पुसू नका, धुऊ नका, चमकवू नका. आपल्याकडे सोन्याच्या नाण्याला कडी लावून ते गळ्यात घालायची जुनी रीत आहे. दागिना म्हणून ते सुंदरच दिसतं, पण कडीचा डाग दिलेलं नाणं संग्राहकाच्या हिशेबातून बाद होतं आणि डाग काढला तरी जागा लपत नाही. घरात अशी जुनी परदेशी नाणी माळेत असतील तर ती तशीच राहू द्या. सुटी असतील तर मोडीत देण्याआधी जाणकाराला दाखवा. परदेशातून नाणं मागवणार असाल तर सोन्याच्या आयातीचे नियम आणि कर आधी विचारून घ्या.

पहिलं नाणं कुठलं घ्यावं, असं विचारलंत तर माझं उत्तर ठरलेलं आहे: १९२४ किंवा १९२७ ची फिलाडेल्फियाची डबल ईगल, ६३ किंवा ६४ गुणांची. तीन तोळे सोनं, सेंट-गॉडन्स यांचं पूर्ण काम, आणि किमतीचा मोठा भाग सोन्याचाच असल्यानं चूक झाली तरी नुकसान आवाक्यातलं. अशी निदान तीसचाळीस नाणी हातात घेऊन, दिव्याखाली फिरवून मगच त्यातलं एक निवडा. ६७ गुणांच्या आणि १९२१ च्या वाटेला त्यानंतर काही वर्षांनी जा. आणि वॉशिंग्टनला जाणं झालं, तर अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात नाण्यांच्या दालनासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.